रिसोड वाटेतच होतं

मेडशीच्या प्रयागबाईंनी कधी कुणाचं मन मोडलं नाही. लेकाचं तर नाहीच. विकासनं नवी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी एकच मागितलं. गाडी आधी रिसोडला, थोरल्या भावाकडे न्यावी. बबनराव अंथरुणाला खिळले होते आणि "प्रयागले एक डाव पाहू द्या," एवढंच सारखं म्हणत होते. प्रयागबाईंचा नवरा तरुणपणीच वारला. विकास लहानाचा मोठा झाला तो या मामाच्या आधारानं.

रविवारी सकाळी विकास, त्याची बायको राखी, मुलगी संस्कृती आणि प्रयागबाई निघाले. लोणारला धारेच्या देवळात गाडीचा नारळ फोडायचा आणि पुढे सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडा पाहायचा, असा बेत होता. रिसोड वाटेतच लागतं.

"विकास, जराशी उभी कर. दादाचं तोंड पाहतो न येतो."

"माय, नवी गाडी हाये. पयले देवाच्या दारात जाते का बिमाराच्या?"

राखीनं मागं वळून पाहिलं. "आन् मामीजी जेवल्याबिगर सोडतीन का? येतानी जाऊ न, आई. निवांत बसा."

नवं वाहन आधी देवाला दाखवायचं, ही रीत प्रयागबाईही मानत. तरी त्या भावाच्या घराकडचं वळण दिसेनासं होईपर्यंत मान वळवून पाहत राहिल्या.

लोणारला नारळ फुटला, बोनेटवर हळदकुंकू लागलं. संस्कृती सरोवराच्या काठावर फोटो काढत होती. "आजी, हास न! थोबाड कायले सुजवून राह्यली?" आजी हसल्या.

तेवढ्यात विकासला मामाच्या मुलाचा, फुलचंदचा, फोन आला. मामा गेले होते. आत्या येईपर्यंत आम्ही थांबतो, असं फुलचंद म्हणत होता.

विकासनं गाडीकडे पाहिलं. ओल्या कुंकवाची गाडी त्याला मयताच्या दारात न्यायची नव्हती.

"आमी लय दूर हाओत," तो म्हणाला. "थांबू नका."

लोणारहून रिसोड तासाभराच्या वाटेवर आहे.

आईला काही न सांगता त्यानं गाडी सिंदखेडराजाला नेली. वाड्याच्या दगडावर हात फिरवत प्रयागबाई म्हणाल्या, "दादानं शाळेच्या पुस्तकात दाखवला होता मले हा वाडा. आता त्याले सांगतो, म्या डोयानं पाह्यला."

"सांगजो," विकास म्हणाला.

परतताना दिवस कलला होता. रिसोड जवळ आल्यावर त्यानं मामा गेल्याचं सांगितलं. आत्ताच फोन आला, म्हणाला. प्रयागबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"तोंड तं दिसन न रे?"

विकासनं गाडी दोन गल्ल्या अलीकडेच लावली. राखी आणि संस्कृती गाडीतच थांबल्या.

भावाच्या घरी अंगण धुऊन झालं होतं. बाया बसल्या होत्या.

"दुपारीच नेलं, आत्या," फुलचंद म्हणाला. "सकाळीच फोन केला होता विकासले. तो म्हणे थांबू नका."

प्रयागबाईंनी लेकाकडे पाहिलं. तो दारातच उभा होता, मान खाली घालून.

त्यांची भावजय गोमतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुमच्या नातीनं मोबाइलवर फोटो टाकले, प्रयागबाई. तळ्यावरचे, वाड्यातले. इथं आमी तिरडी बांधून राह्यलो होतो, आन् तुमी तिथं हासून राह्यल्या होत्या. थांबू नका म्हणून विकासले कोनं सांगतलं? तुमीच?"

बायांचं रडणं थांबलं. साऱ्या प्रयागबाईंच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"मीच सांगतलं," प्रयागबाई म्हणाल्या. "एवढ्या दूर आलो, तं पाहून घेऊ म्हटलं."

गोमतीबाईंनी तोंड फिरवलं. "मंग राख सावडाले येऊ नका. त्यांचं आमी पाहून घेऊ."

कुणी अडवलं नाही. प्रयागबाई भिंत धरत उठल्या.

"बरं केलं माय, सांभाळून घेतलं," गल्लीत विकास हळूच म्हणाला आणि पुढे होऊन त्यानं गाडीचं दार उघडलं. सुतकाचं अंग नव्या सीटला लागू नये म्हणून राखीनं मागच्या सीटवर जुनं पोतं अंथरून ठेवलं होतं, फक्त प्रयागबाईंच्या जागेवर. त्या अंग चोरून त्यावर बसल्या.