कलम १ ते ५

आमच्या बाजूला खरेपणा होता, पंचवीस वर्षांची वहिवाट होती आणि विरुद्ध बाजूचा वकील बावळट होता. तरीही आम्ही दावा हरलो, कारण कैफियत मी लिहिली होती.

भानगड एका दाराची. सोनगीरला आमच्या घराचं मागचं दार नानांच्या अंगणात उघडे आणि अंगणापलीकडे सामाईक विहीर. नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ. आई त्या दाराने वीस पावलांत पाणी आणी. दार बंद झालं असतं तर तिला डोक्यावर हंडा घेऊन अख्ख्या गल्लीला वळसा घालावा लागला असता, तोही चढणीचा. गोवऱ्या कुठे थापायच्या यावरून दोघा भावांचं वाजलं आणि नानांनी धुळ्याच्या कोर्टात आबांवर आणि माझ्यावर दावा ठोकला : प्रतिवादींना आमच्या अंगणात यायची मनाई करा!

समन्स आलं त्या दिवशी आबा इतके संतापले की बेलिफाला पाणीसुद्धा विचारलं नाही. (पाण्याचाच दावा, त्यामुळे योग्यच झालं.)

"वकील द्यायचा का, आबा?"

"वकील कसाले? तुले कशासाठी शिकाडं?"

मी व्हर्नाक्युलर फायनल पास. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारा. वकिलांच्या काळ्या झग्याचा बडेजाव मला मुळीच मानवत नसे. कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून मी नमुन्यादाखल एक जुनी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, उसनी आणली. तिच्यात एक वाक्य होतं : 'दाव्यातील मजकूर सर्वस्वी खोटा, बनावट व कपोलकल्पित असून प्रतिवादीस नाकबूल आहे.' अहाहा! वाचूनच मुठी वळल्या.

"आबा, कोणकोणतं कलम नाकबूल लिहू?"

"बठ्ठं! त्या नानाना एक बी शबद कबूल करू नको!"

दाव्यात पाच कलमं होती. मी झोकात लिहिलं, 'कलम १ ते ५ सर्वस्वी नाकबूल.' आबांनी सही केली, मी केली, आणि आम्ही दोघेही आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो.

तारखेला सबजज्जसाहेबांनी कैफियत वाचली. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"तुमच्याशेजारी कोण उभे आहेत?"

"माझे वडील, साहेब."

"कलम एक म्हणतं, तुम्ही यांचे औरस पुत्र. ते तुम्ही नाकबूल केलं आहे."

कोर्ट खदखदलं. आबा हसले नाहीत. "काय रे? मंग मी कोन शे तुना?" असं त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की पट्टेवाला धावत आला.

"आणि कलम तीन," साहेब म्हणाले, "तुमच्या घरातल्या बायका पंचवीस वर्षं उघडपणे, न विचारता या अंगणातून पाणी आणतात, त्यामुळे वादीस उपद्रव होतो. हेही खोटं?"

"छे, साहेब! अगदी खरं आहे! तोच तर आमचा हक्क!"

"मग नाकबूल का?"

"दाव्यात होतं म्हणून!"

वीस वर्षं उघडपणे वाट वापरली की कायद्याने तिचा हक्क मिळतो. तो आमचा हक्क शत्रूने स्वतःच्या वकिलाकरवी, स्टॅम्प लावून लिहून दिला होता आणि मी तो झिडकारला होता! नानांचा वकील तोवर खाली मान घालून बसला होता. आपण काय लिहून बसलो हे त्याला तेव्हा कळलं, आणि आम्ही त्याला वाचवल्याचंही.

साहेब भले. म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज द्या. वकिलाकडून."

वकिलाकडून! माझं डोकं सणकलं. चूक माझी, तर दुरुस्तीही माझीच! तिथेच कोर्टाच्या पायरीवर बसून रागारागाने दोघांच्या वतीने अर्ज लिहिला. 'नजरचुकीने नाकबूल लिहिले गेले. तरी कलम १ ते ५ आता सर्वस्वी कबूल आहेत.' वर प्रतिज्ञालेखही जोडला, शपथेवर.

कलम चार होतं, 'प्रतिवादींना या वाटेचा कसलाही हक्क नाही.' पाच होतं, 'सबब दार कायमचे बंद व्हावे.'

नानांच्या वकिलाने उभं राहून माझे आभार मानले. निकालाला पान पण पुरं लागलं नाही.

घरी आल्यावर आईने सगळं शांतपणे ऐकलं, हंडा माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, "आते पानी तू लय."

कोट, टोपी आणि हंडा अशा थाटात मी तीन दिवस चढण चढलो. चौथ्या दिवशी नानांच्या बायकोला, काकूंना, राहवलं नाही. मी रिकामा हंडा डोक्यावर घेऊन निघालो तोच त्यांनी मागच्या दाराची अंगणाकडची कडी काढली. "ये भाऊ, आठून जाय. जीव जाई तुना."

"काकू, कोर्टाचा हुकूम आहे!" मी कडाडलो. "वाट द्यायची असेल तर लेखी द्या! दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी!"

आईने माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि ती काकूंशी बोलत बोलत दारातून निघून गेली. तेव्हापासून दोघी तिथूनच जा-ये करतात. नानांनाही ठाऊक आहे, आबांनाही. वळसा घालून येतो तो फक्त मी. काय करणार! सही माझी आहे.