दोनदा पकडलेला मासा

आमच्या सासूबाईंना संशय घेण्याचा पगार मिळतो. हे मी चेष्टेने म्हणत नाही, त्यांचं कामच ते आहे. तलावाकाठच्या या कॅम्पवर लोक गळ टाकायला येतात आणि मासा मिळाला की तो आधी सासूबाईंच्या टेबलावर येतो. त्या त्याचं तोंड उघडतात, मग कल्ल्यांमागे बघतात. गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक असतं. जाळ्यात अडकलेल्याच्या गळ्याशी खवले निघून रेघ पडलेली असते. कॅम्पवर जाळ्याचा मासा चालत नाही, पण दिवसभर उन्हात बसून हात हलवत परत यायची लाज वाटते, म्हणून पलीकडच्या काठावरून गुपचूप मासा विकत आणणारे पाहुणे काही कमी नाहीत. सासूबाई त्यांना चारचौघांत सांगतात, "हा गळाचा नाही, गळ्याचा आहे." बिचाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

घरी आल्यावर हा धंदा बंद ठेवावा की नाही? नाही. दूध उतू गेलं की त्या गॅसकडे नाही, माझ्याकडे बघतात. मी फोनवर हसले तरी त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "काहीतरी आहे." आणि कोपऱ्यातून सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही गं." या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा संसार झाला. मला मात्र त्या पहिल्या वाक्याचा कित्येकदा संताप येतो. सून झाले म्हणजे काय चोर झाले?

सासरे कॅम्पचे गाइड. पाहुण्यांना होडीतून कुठे न्यायचं, गळ किती खोल सोडायचा, हे त्यांनी सांगायचं, आणि रोज सकाळी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर पाण्याचा हालहवाल लिहायचा. या उन्हाळ्यात त्यांच्या फळ्यावर एकच मजकूर होता. 'वरचं पाणी गरम. मासा तळाशी. पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच बसा.' त्यातही मासा धड खात नव्हता. थंडीत तो आमिष हिसकावतो. उन्हाळ्यात आळसावल्यासारखा नुसतं तोंड लावून बघतो, आणि दोऱ्यावर ठेवलेल्या बोटाला ते कळलं तर कळलं.

पाहुणे रिकाम्या हाताने जायला लागले, तसे मालक एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, गाइडलाच मासा मिळत नसेल तर लोकांनी इथे थांबायचं कशाला?" त्यांनी एक तरुण गाइड बघून ठेवला होता, हे आम्हाला आधीच कळलं होतं. स्वयंपाकघरामागच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, त्या गाइडच्या नोकरीबरोबर मिळालेल्या आहेत. त्या दिवशी माझ्या पोळ्या करपल्या आणि सासूबाईंनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, यावरून काय ते समजा.

त्यानंतर चमत्कार झाला. सासरे रोज सकाळी एक तरी मासा आणायला लागले. मालक खूश, पाहुणे माशाबरोबर फोटो काढतायत. घरचाच मासा म्हणून सासूबाईंनीही सुरुवातीला वरवर नजर टाकली. मग एकदा त्यांचा हात माशाच्या मानेवर थांबला. त्यांनी मला हाक मारली.

"ओठ बघ."

ओठाला भोक होतं.

"आता हे बघ."

कल्ल्यांमागे पुसटशी रेघ होती. मला वाटलं, ऊन लागून माझेच डोळे फिरलेत.

"आई, असं कसं होईल?"

"दोनदा पकडलाय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "एकदा जाळ्याने, आणि मेल्यावर गळाने. काहीतरी आहे."

या खेपेला 'काही नाही गं' म्हणायला कोणी नव्हतं.

मासा विकत घेतला, एवढ्यावर थांबतील त्या सासूबाई कसल्या. पलीकडच्या काठावर मासे विकते ती बाई हसरी आहे, एकटी राहते, आणि सासऱ्यांना 'दादा' म्हणते. "दादा म्हणणाऱ्याच जास्त भारी असतात," असं म्हणत सासूबाईंनी सासऱ्यांचा शर्ट हुंगून बघितला. माशाचा वास आला. गाइडच्या शर्टाला गुलाबाचा येणार होता का? पण खरं सांगायचं तर मलाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी तलावाच्या कडेकडेने निघालो. पलीकडे उपड्या घातलेल्या होडीवर सासरे बसले होते. समोर मासेवाली, आणि तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतलेला.

"बघितलंस?" सासूबाईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्या रागाने नाही, भीतीने बोलत होत्या. मला त्यांची कधी नव्हे ती कीव आली.

आम्ही जवळ गेलो. मासेवाली सासऱ्यांच्या अंगठ्यातून गळ काढत होती. आकडा चांगला आत रुतलेला, रक्त मनगटापर्यंत आलेलं, आणि सासरे पाण्याकडे बघत आज वारा कसा पडलाय ते सांगत होते. चेहऱ्यावर एक आठी नाही.

"ताई, यांना सांगा जरा," मासेवाली म्हणाली. "माशाच्या ओठाला भोक पाडताना गळ अंगठ्यात गेला, हे मी सांगितलं तेव्हा दादांना कळलं."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी सासऱ्यांचं दुसरं बोट धरून कचकन चिमटा काढला. सासरे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

"कधीपासून?"

"थंडीपासून. बोटं बधिर झालीत. थंडीत निभावलं गं, मासा हिसका देत होता. आता ओढ कळतच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज माझा हात तपासला असतास. मासा तपासतेस तसा."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सवय जाते थोडीच. "आणि रेघ? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ती नाही दिसली?"

"नजर कमी झालीय. बोट फिरवून बघत होतो. गुळगुळीत लागायचा."

"तुम्हाला आता सगळंच गुळगुळीत लागणार," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने त्यांचा अंगठा बांधायला लागल्या.

मला वाटलं, आता त्या गप्प बसतील. दोन खोल्यांचा प्रश्न होता. पण परत आलो तर मालक टेबलापाशीच उभे होते, आणि सासऱ्यांच्या हातातल्या माशाकडे बघून त्यांनी सहज विचारलं, "मावशी, गळाचाच ना?"

"गळ्याचा," सासूबाई म्हणाल्या. "आधीचेही सगळे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, बोटांसकट.

मालकांचा चेहरा पडला. उद्यापासून नवा गाइड बोलावतो, असं ते खाली बघत म्हणाले. जन्मभर आमच्यावर संशय घेतला आणि ऐन वेळी ही सचोटी, असा राग आला मला.

"बोलवा," सासूबाई म्हणाल्या. "पण आजची संध्याकाळ आमची आहे. तुम्हीही चला होडीत."

ऊन उतरल्यावर चौघं निघालो. वल्ही माझ्याकडे. सासरे आकाशाकडे, पाण्याच्या रंगाकडे बघत बोलत होते, "अजून पुढे. इथे खालून झरा आहे, पाणी गार असतं. सोड खोल." काठी सासूबाईंच्या हातात होती आणि दोऱ्यावर त्यांचं बोट. आयुष्यात पहिल्यांदा त्या गळ टाकत होत्या. दोरा हलताना मला काही दिसला नाही, मालकांनाही नाही.

सासूबाईंनी मान वाकडी केली.

"काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "काही नाही गं, वारा..." आणि ते मध्येच थांबले. "ओढ," ते म्हणाले.

सासूबाईंनी ओढलं. काठी वाकली, होडी कलंडली, मालकांनी माझा खांदा घट्ट धरला, आणि चांगला हातभर मासा फडफडत आत आला. सासरे हसत होते आणि बांधलेल्या अंगठ्याने डोळे पुसत होते.

सासूबाईंनी मासा हातात घेतला, तोंड उघडून बघितलं, कल्ल्यांमागे बघितलं, आणि मग तो मालकांपुढे धरला.

"तुम्हीही बघून घ्या," त्या म्हणाल्या. "पकडणारी घरचीच आहे."