बिनलेबलची बरणी

टेस्टरकाका कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, आणि त्याला कारणही तसंच होतं. वायरमनच्या नोकरीत नवे असताना जोडीदार खालून ओरडला होता, "मेन बंद केलाय, लाव हात!" काकांनी हात लावला. मेन चालूच होता. डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. पुढची अडतीस वर्षं टेस्टर टेकवल्याशिवाय त्यांनी एकाही तारेला हात लावला नाही. निवृत्तीनंतर हा संशय दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या बीपीच्या मशीनपर्यंत सगळीकडे पसरला.

त्यामुळे भाजी कडवट लागली तेव्हा काका बोलले काहीच नाहीत. पाळत ठेवायला लागले.

घरात माणसं दोनच. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. सूनबाई शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. डॉक्टरांनी काकांचं मीठ बंद केलं होतं, तरी जेवण अळणी लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून त्यांना दिसलं: ओट्याखाली, डब्यांच्या मागून सूनबाईने एक बिनलेबलची बरणी काढली. चिमूटभर पांढरी पूड काकांच्या ताटलीत पडली. तिच्या स्वतःच्या ताटलीत नाही.

घर काकांच्या नावावर होतं. नको नको ते मनात आलं आणि जाता जाईना.

दुसऱ्या दिवशी सूनबाई शाळेत गेल्यावर त्यांनी बॅटरी, दोन वायरी आणि एक बारीक एलईडी दिवा जोडला. फिल्टरच्या पाण्याचे तीन पेले भरले. साखरेच्या पाण्यात वायरी बुडवल्या, दिवा ढिम्म. मिठाच्या पाण्यात लख्ख पेटला. बरणीतली पूड विरघळवली, तर तिथेही लख्ख!

संध्याकाळी सूनबाई दारात आली तेव्हा तिन्ही पेले टेबलावर मांडलेले होते.

"हे मीठच आहे ना? खरं सांग."

तिने पर्स खाली ठेवली. "मीठच आहे, बाबा. पण नेहमीचं नाही."

"मिठाला काय जाती असतात?"

तिने एक कोरा कागद ओढला. "हा सोडियमचा अणू. मध्ये केंद्रक, भोवती अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कक्षेत दोन, दुसरीत आठ आणि सगळ्यात बाहेर एकटाच एक. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात, म्हणजे आठाला एक कमी. सोडियम आपला एक देऊन टाकतो. देणारा होतो धन, घेणारा ऋण, आणि दोघं एकमेकांना ओढून धरतात. हे झालं आपलं मीठ. पाण्यात दोघं सुटे होतात, इकडेतिकडे फिरतात, म्हणून वीज जाते."

"आणि साखर?"

"तिच्यातले अणू इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, वाटून घेतात. पाण्यात गेली तरी धन नाही की ऋण नाही. मग दिवा कसा लागणार?"

"मग बरणीत काय आहे?"

"पोटॅशियमचं मीठ. पोटॅशियमच्या अणूत एकोणीस इलेक्ट्रॉन, पण बाहेर त्याचाही एकटाच. तोही क्लोरीनला देऊन टाकतो. दिव्याला दोन्ही सारखीच, तुमच्या रक्तदाबाला मात्र नाहीत. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच लिहून दिलंय."

"तुझ्या ताटात का नाही मग?"

"मला कशाला? आणि कडू लागतं ते."

"लपवलंस कशाला?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंत? पण चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फाइल उघडून स्वतःचं अक्षर दाखवलं. परतताना काकांना लाज वाटली, पण थोडीच. लपवलं तर होतंच ना!

पुढच्या आठवड्यात सूनबाईने वर्गासाठी ती दिव्याची जोडणी मागितली. "मुलं वायरी तोडतील, मीच येतो," असं म्हणून काका स्वतः शाळेत गेले. साखरेचं पाणी झालं, मिठाचं झालं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, इलेक्ट्रॉन कुणी पाहिलाय का?"

"मी तर नाही," काका म्हणाले. "ये, तूच करून बघ."

मुलगी पुढे आली. पेल्यात बुडवण्याआधी तिने वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, दिवा मुळात लागतो तरी का ते बघायला. काका सूनबाईकडे वळून हळूच म्हणाले, "ही मुलगी हुशार आहे हो."