जुलाबाची गोळी

माझ्या सासऱ्यांना रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाची जीभ बघायची असे. चहाच्या आधी. मी लग्न होऊन बनारसला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हाताची मेंदी ओली म्हणावी इतकी ताजी असताना, त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, जीभ काढ." मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. मी जीभ काढली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती नीट पाहिली आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पांढरी आहे. माहेरी पोट साफ होत नव्हतं हिचं." पाहुण्यांनी माना डोलावल्या.

सासरे निवृत्त संस्कृत शिक्षक. घर मंगला गौरीच्या गल्लीत, चार पिढ्या काशीत काढलेलं. त्यांचं मराठी निम्मं हिंदी झालं होतं, पण पोटाविषयी बोलताना ते एकदम शुद्ध व्हायचं. उठल्यावर कोमट पाणी. घास बत्तीस वेळा चावायचा. जेवताना बोलायचं नाही, जेवणावर तासभर पाणी प्यायचं नाही. दुपारी जिरं-सैंधव घातलेलं ताक, रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत आणि मग गच्चीवर शतपावली. बाहेरचं काही नाही. कचोरी-जिलेबीवर ज्या गावाची सकाळ होते तिथे राहून, तळणाचा वास आला की हा माणूस खिडकी लावून घ्यायचा.

खरं ते सांगते. नियम वाईट नव्हते. माहेरून आणलेली माझी छातीतली जळजळ सहा महिन्यांत गेली. आजही मी सावकाश चावते, लवकर जेवते आणि मुलांना तेच सांगते. नियम चांगले आणि माणूस दुष्ट असला की सुनेला भांडायला जागाच राहत नाही.

कारण त्या घरात पथ्य ही शिक्षा होती. भाजीत मीठ जास्त पडलं की दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात नुसतं मुगाचं कढण. सासूबाई फोनवर बहिणीशी जरा जास्त वेळ बोलल्या की, "डोकं गरम झालंय तुझं, संध्याकाळी लंघन कर." त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ते उपाशी ठेवायचे आणि त्याला परहेज म्हणायचे. माझे यजमान रेल्वेत नोकरीला. बाप बोलायला लागला की ते मोबाइलमध्ये डोकं घालत. त्यांचा मला तेव्हा राग यायचा, आता कीव येते, आणि कीव जास्त वाईट.

सासूबाई मला आवडायच्या. मी त्यांना आई म्हणायचे आणि ते तोंडदेखलं नव्हतं. बनारसमध्येच जन्मलेल्या, बनारसमध्येच दिलेल्या. चाळीस वर्षं जीभ दाखवत आलेल्या त्या बाईच्या जिभेवर काय काय होतं हे फक्त मला माहीत होतं. भाद्रपदातल्या एका शुक्रवारी आम्ही दोघी संकठा घाटावर देवीला गेलो. परत येताना चौकात त्या थांबल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "चल, टमाटर चाट खाऊ. ह्यांना कोण सांगतंय?" पुराचं पाणी नुकतंच उतरलेलं, गल्ल्यांत चिखलाचा वास, माश्या. चाट खायचे दिवसच नव्हते ते. पण त्यांनी पानाचा द्रोण बोटानं पुसून खाल्ला आणि मग दुसरा मागितला. परतीच्या वाटेवर तोंडाचा वास जावा म्हणून आम्ही दोघींनी लवंग चघळली. लग्नानंतर मी इतकी कधी हसले नव्हते.

शनिवारी पहाटेपासून त्यांना हगवण लागली. मला काही झालं नाही. दहा वाजेपर्यंत सात-आठ वेळा उठून झालं होतं. सासरे खुर्ची ओढून पलंगाशी बसले.

"काय खाल्लंस?"

"चाट खाल्ली."

"हिनेपण?"

"नाही. ही देवळात होती. मी एकटीच गेले."

मी दाराशी उभी होते. पोटात मुरडा येत असतानाही त्या बाईनं मला वाचवलं, आणि मी वाचले.

सासऱ्यांनी फर्मावलं, लंघन. अन्न नाही आणि पाणीही नाही. पोटातल्या विस्तवावर पाणी ओतायचं नसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर दोन तासांनी चमचाभर सुंठीचं पाणी, बस्स. ते पलंगावरच्या बाईला म्हणाले, "जिभेसाठी खाल्लंस ना? आता जिभेलाच कळू दे."

यजमान गोरखपूरला ट्रेनिंगला गेलेले. मी फोन केला. ते म्हणाले, "बाबा सांगतात तसं कर. त्यांना समजतं त्यातलं." मी फोन ठेवला.

रविवारी दुपारपर्यंत थांबेना तेव्हा मी भाजीच्या निमित्तानं खाली उतरले आणि औषधाच्या दुकानात गेले. इथे माझं नशीब बघा. घरात सगळे म्हणत होते, "हिला दस्त लागलेत." माझे वडील सांगलीत मुद्रांक विक्रेते. आमच्या घरी दस्त म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, फार तर भाडेकरार. सासरी तो शब्द ऐकला की मला आतून हसू फुटायचं. भर दुकानात चार पुरुषांसमोर "दस्त की दवा" असं म्हणायला माझी जीभ वळेना. त्या मानानं जुलाब हा शब्द मला अस्सल हिंदी वाटला. त्याचा आवाजच तसा आहे.

"भैया, जुलाब की दवा दीजिए."

"किसके लिए?"

"सास के लिए. दो दिन से बहुत परेशान हैं."

"हल्की दें कि तेज?"

"तेज दीजिए. जल्दी असर होना चाहिए."

त्यानं पट्टीतून चार गोळ्या कापल्या, कागदात बांधल्या आणि म्हणाला, "दो खिला दीजिए. सबेरे तक एकदम हल्का लगेगा." मी त्याला दुवा दिला. हिंदीत जुलाब म्हणजे पोट वाहण्यासाठी घ्यायचं औषध, हे मला माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारीला दोन दिवस होतच नाहीये.

सासरे वामकुक्षी घेत असताना मी आईंना दोन गोळ्या दिल्या, बरोबर भांडंभर पाणी. त्या ते घटाघटा प्यायल्या आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "कुणाला सांगू नको हं," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पलंगावरून उठूही शकल्या नाहीत. चादर तीनदा बदलली, चौथ्यांदा बदलायला चादर नव्हती. सासऱ्यांना उशीखाली कागद सापडला. त्यांनी उरलेल्या गोळ्या उजेडात धरून पाहिल्या, मला विचारलं, दुकानात काय मागितलंस? मी सांगितलं. आणि ते हसले. सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, पलंगावर बायको कण्हत असताना. मग मुलाला फोन लावून सांगितलं, शेजारच्या गुरुजींना दारातून सांगितलं, "आमच्या सूनबाईंनी दस्त लागलेल्या बाईला जुलाब दिला!" गुरुजीही हसले. शेवटी माझ्याकडे वळून एकदम थंड आवाजात म्हणाले, "आता मला विचारल्याशिवाय हिच्या तोंडात काही गेलं आणि ही मेली, तर मारणारी तू. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं.

सोमवारी सकाळी ते पंचगंगा घाटावर स्नानाला गेले. घरात आम्ही दोघीच. मी पलंगाशी स्टुलावर बसले होते. आईंचे डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे आलेले. त्या म्हणाल्या, "पाणी दे गं."

माठ चार पावलांवर होता. भरलेला. मीच भरला होता.

"आई, बाबा येऊ देत. विचारते."

"घोटभर. ते नाहीयेत ना घरात."

"तब्येत अजून बिघडेल. काल माझ्यामुळेच बिघडली."

थोड्या वेळानं पुन्हा, "पाणी." मी चमचाभर सुंठीचं पाणी पुढे केलं. त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा त्यांनी शब्द उच्चारला नाही, नुसता माठाकडे हात केला. मी तो हात धरला आणि चादरीखाली ठेवला. हळुवार ठेवला, हे मला नीट आठवतं. त्या घरात तेव्हा मला अडवणारं कुणी नव्हतं. तरी मी त्या स्टुलावरून उठले नाही. आता म्हणावं की मी घाबरले होते, तर तेही पुरतं खरं नाही. आदल्या दिवशी सगळ्यांनी मला हसून घेतलं होतं आणि आता निदान एक दिवस मला बरोबर वागायचं होतं.

यजमान रात्रीच्या गाडीनं गोरखपूरहून निघून नऊच्या सुमारास आले, सासऱ्यांच्या पाठोपाठच. त्यांनी आईला हाक मारली. ओ नाही. गालावर थापट्या मारल्या, डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. मोबाइल पलंगावर टाकून त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, दुपट्ट्यानं बांधलं आणि दोघातिघांना बोलावून गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. बाबांना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्या आमच्याकडे वळल्या. "दस्त में पानी किसने बंद किया? नमक-चीनी का घोल घूंट-घूंट पिलाते रहते तो ये हाल न होता. अब गुर्दे का सवाल है, जान का भी."

सासरे म्हणाले, "बहू ने जुलाब की गोली दे दी थी." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. मी मान खाली घातली. पाणी कुणी बंद केलं, याचं उत्तर तिथं कुणीच दिलं नाही.

आई वाचल्या. आठ दिवस सलाईन, मग घर. मूत्रपिंडं पुरती सावरली नाहीत. मीठ बंद झालं, दर महिन्याला रक्ताची तपासणी मागे लागली. सासऱ्यांच्या नियमांत मात्र काही फरक पडला नाही, उलट त्यांना नवा किस्सा मिळाला. पुण्याहून यात्रेला कुणी आलं की अहिल्याबाई घाटावरून त्यांना घरी आणत, ताक पाजत आणि सांगत, "आमच्या सूनबाईंनी काय केलं ठाऊक आहे?" लोक पोट धरून हसत. मीही हसायला शिकले. खरं तर मला तो किस्सा हवाच होता. जोवर लोक गोळीला हसत होते तोवर कुणी पाण्याचं विचारत नव्हतं, आणि मी त्या गोळीआड खुशाल लपून बसले होते.

एकच गोष्ट बदलली. आई माझ्याकडे काही मागेनाशा झाल्या. तांब्या भरून उशाशी ठेवला तर तो तसाच राहायचा. गुडघे धरून उठायच्या, भिंतीच्या आधारानं माठापर्यंत जायच्या आणि स्वतः ओतून घ्यायच्या. मी पुढे झाले की म्हणायच्या, "राहू दे."

कार्तिकात एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. सासरे बाहेर गेले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, अजून राग आहे का माझ्यावर? मला खरंच तो शब्द माहीत नव्हता. दुकानदारानं दिल्या, मी दिल्या. माझ्या मनात काही वाईट नव्हतं."

त्यांनी हातातली काडी मोडली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"गोळी तू गलतीने दिलीस, त्याचं मला काही नाही. पाणी दिलं नाहीस, ते गलतीने नाही."