सारजाबाईंचा तांब्या

सारजाबाईंवर आज चिडायचं नाही, असं मी रोज सकाळी दौंडहून स्कूटीवर निघताना ठरवायचे आणि शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत चिडलेली असायचे.

आमची शाळा वडगाव रासाईच्या शिवारातल्या एका वस्तीवर आहे. पटावर सोळा मुलं, आम्ही दोन शिक्षक आणि खिचडी शिजवायला सारजाबाई. खिचडी हे निमित्त. किल्ल्या त्यांच्याकडे, घंटा त्यांच्याकडे, कुठल्या पोराला ताप आहे आणि कोण घरून न जेवता आलंय हेही त्यांनाच आधी ठाऊक. माहेरी मेंढरं होती. तहानलेलं, भुकेलं काही नजरेला पडलं की बाईंचा हात आपोआप पुढे होतो. कुत्रं असो, कावळा असो, नाहीतर केंद्रप्रमुख.

या मेमध्ये मी बारा दिवसांचं विज्ञान शिबिर घेतलं, तेही हौस म्हणून नव्हे. शाळा समितीचे अध्यक्ष इंद्रजीत यांनी आपली दुसरीतली मोनाली आणि भावकीतली चार पोरं जूनपासून शिरूरच्या इंग्लिश शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायचं ठरवलं होतं. पाच गेली की पट अकरा, आणि आमच्यातला एक शिक्षक हलला म्हणून समजा. धाकटी मीच, म्हणजे मीच हलणार.

"शिबिर घ्या की," इंद्रजीत म्हणाले. "शेवटच्या दिवशी आमी समदी येतो. पोरगी पाठ केल्यालं सोडून सोताचं काय बोलली, तर बगू."

पहिल्या दिवशी ज्वालामुखी करायचा होता. सोडा गायब. सारजाबाईंनी भज्यांत घातला होता. "दुपारच्याला पोरं उपाशी ऱ्हायली असती," म्हणे. लोहचुंबक शोधत गेले, तर तो तांदळाच्या पोत्यात. त्यातनं तारेचे दोन तुकडे निघाले होते हे खरं, पण माझी मुलं चुंबकावाचून तासभर बसली त्याचं काय? दुसऱ्या दिवशी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवला. प्राणवायू कमी पडला की ज्योत विझते, हे दाखवायचं होतं. ज्योत मंदावली, सोळा माना पुढे झाल्या, आणि खिचडीचा हात पदराला पुसत सारजाबाईंनी ग्लास उचलला.

"भरल्या शाळंत दिवा इझवत्यात व्हय, बाई?"

माझा तोल गेला. पोरांसमोर मी ओरडले, "मावशी, आजपासून शिबिरात तोंड उघडायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही!" त्या "बरं" म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी लग्नातल्या प्लास्टिकच्या ग्लासांत माती भरून मुलांनी चवळी पेरली. कोंब वर आले तसे आठ ग्लासांवर 'पाणी' अशी चिठ्ठी लावली आणि आठांवर 'पाणी नाही'. पहिल्या आठांना मुलं दुपारी पाणी घालणार, दुसरे आठ कोरडे ठेवायचे. मोनालीचा ग्लास कोरड्यांत. शेवटच्या दिवशी तिने वाळलेलं रोप उचलून सांगायचं, पाण्यावाचून रोप जगत नाही. यात चुकण्यासारखं काय होतं?

मधले दिवस इतर प्रयोगांच्या गडबडीत मी ग्लासांकडे फिरकलेच नव्हते. शेवटच्या दिवशी सकाळी ते ठेवलेली खोली उघडली आणि कपाळावर हात मारला. 'पाणी नाही'वाली रोपं तरतरीत, दोन-दोन पानं काढून उभी. 'पाणी'वाली पिवळी पडून माना टाकलेली. मातीवर बोटभर पाणी साचलेलं.

मी बाहेर धावले. सारजाबाई सडा टाकत होत्या.

"मावशी, ग्लासांना पाणी घातलंत?"

"रोज सकाळच्याला. लेकरांच्या हातचं लावल्यालं, वाळून मरू द्यायचं व्हय? कोरड्यांना घालता घालता बाकीच्यांनाबी हातासरशी घातलं."

"हात लावायचा नाही म्हटलं होतं ना मी!"

"हात कुठं लावला? तांब्यानं घातलं."

डोकं आपटायला भिंत जवळ होती, वेळ नव्हता. माणसं फाटकातून येताना दिसत होती. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. आत जाऊन मी सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

सतरंजीवर वस्ती जमली. मोनालीला पुढे बोलावलं आणि 'पाणी नाही' चिठ्ठीचा पिवळा ग्लास तिच्या हातात दिला. "सांग बाळा, काय झालं?"

तिने ग्लास फिरवून पाहिला. "ह्यो माझा न्हाई, बाई. माझ्या ग्लासाची कड फुटल्याली हाय." आणि पुढे होऊन तिने आपला हिरवा ग्लास बरोबर उचलला. "ह्याला मी पानी घातलंच न्हाई. मग ह्यो कसा जगला? आन् चिठ्ठी का बदलली?"

इंद्रजीत माझ्याकडे पाहायला लागले. मागे दाराशी सारजाबाई म्हणाल्या, "पानी मी घातलं, सगळ्यांना. बाईंचा काय दोष न्हाई."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "चिठ्ठ्या मी बदलल्या," मी म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून घाबरले."

मोनालीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने पिवळं रोप उपटलं, काळी पडलेली मुळी नाकाजवळ नेली. "म्हंजी ह्याला दोनदा पानी झालं, सारजाआजीचं आन् पोरांचं. पप्पा, वास बगा. आपल्या खालच्या वावरात ऊस सडला तवा आसाच येत व्हता."

इंद्रजीतांनी मुळी हातात घेतली, हुंगली. त्या वावरात ते अजूनही मोटर लावून दिवसभर पाणी सोडतात, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

"हे तुला कुणी शिकीवलं?"

"कुणी न्हाई. वास आला."

उठताना ते माझ्याजवळ थांबले. "व्हॅनवाल्याला न्हाई म्हणून सांगतो. चिठ्ठीचं मातर बरं न्हाई केलं, बाई." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सगळे गेल्यावर सारजाबाई ग्लास उपडे करत होत्या. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

"मावशी, तुमचं पाणी नसतं तर हे काहीच झालं नसतं."

"पानी कशाचं? ग्लासाला बुडात भोकच न्हाई. पानी जायाचं कुठं? पेरायच्या दिवशीच दिसलं मला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमीच म्हणला, तोंड उगडायचं न्हाई."

मी बी.एस्सी. आहे. विषय वनस्पतिशास्त्र.