मागची गाडी

माझ्या वहिनीला आमच्या बेटावर सगळे ‘मागची’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण म्हणतात. वर्षातून एकदा सायकलवर बेटाला फेरी मारायची शर्यत असते आणि सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याच्या मागून जी गाडी जाते, ती वहिनी चालवते. दमलेल्यांना उचलायचं, त्यांच्या सायकली टपावर बांधायच्या आणि संध्याकाळच्या बोटीच्या आत सगळ्यांना धक्क्यावर आणून सोडायचं. एरवी त्या गाडीतून लॉजच्या चादरी जातात. आमची लाँड्री आहे. म्हणजे वहिनीची आहे. पाटीवर नाव माझ्या दादाचं, पण त्या गृहस्थाने आयुष्यात उशीचा एक अभ्रासुद्धा पिळलेला नाही. धुणं वहिनीकडे, इस्त्री माझ्याकडे आणि मोठेपणा दादाकडे, अशी आमची वाटणी.

दादा शाळेत पीटीचा मास्तर होता. शर्यत त्याने सुरू केली, हे तो अजून कुणाला विसरू देत नाही. रस्ताही त्यानेच आखला. धक्क्यापासून निघायचं, खाडीच्या कडेने सपाटीवरून जायचं, मग खिंड चढून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं. तिथे वारा असा अंगावर येतो की पायडल मारूनही माणूस जागच्या जागी. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी दीपगृहाचा चढ. त्या चढाचा नियमही दादाचाच: पाय जमिनीला लागला की मागची गाडी पुढे जाणार. गाडी पुढे गेली की माणूस बाद, मग तो परत सायकलवर बसो नाहीतर शीर्षासन करो. बाद झालेल्याच्या पाठीवरचा नंबर गाडी चालवणाऱ्याने तिथल्या तिथे काढून घ्यायचा. “चाक थांबलं की संपलं,” असं दादा छाती फुगवून सांगायचा.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनी दादापेक्षा चांगली सायकल चालवायची. त्याची सख्खी बहीण असून सांगते, त्यामुळे खोटं असायचं कारण नाही. ती शर्यतीत उतरली ती एकाच वर्षी. तेव्हा दादाचा पाय मुरगळला होता, म्हणून मागची गाडी तो चालवत होता. दीपगृहाच्या चढावर वहिनीची चेन पडली आणि चाकात अशी अडकली की निघता निघेना. एकेक करून सगळे पुढे गेले. शेवटी चेन बसली, तिने एक पाय पायडलवर ठेवला, आणि तेवढ्यात मागून गाडी आली. दादाला एवढंच करायचं होतं की ब्रेकवर पाय ठेवायचा. त्याने गाडी पुढे घेतली, थांबवली, खाली उतरून तिचा नंबर काढून घेतला. घरी आल्यावर म्हणाला, “बायकोला सूट दिली असं लोकांनी म्हणायला नको.”

त्यानंतर तिने सायकलला हात लावला नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती खुंटीला टांगली आहे. तिच्या हँडलवर आम्ही मोजे वाळत घालतो. पुढच्या वर्षीपासून दादा सायकलवर आणि वहिनी त्याच्या मागे.

आधी तो मधे कुठेतरी असायचा, म्हणजे वहिनीला त्याचं तोंड धक्क्यावरच दिसायचं. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि तो मागे पडत पडत थेट आमच्या गाडीच्या पुढ्यात आला. दीपगृहाच्या चढावर एक वळण आहे, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. वरून दिसत नाही, खालून दिसत नाही. तिथे एका वर्षी त्याने गाडी शेजारी घ्यायची खूण केली. “जरा धरतो गं,” म्हणाला आणि खिडकीच्या चौकटीला हात घातला. वहिनीने पहिल्या गिअरमध्ये त्याला ओढत वर नेलं. वळण संपायच्या आत त्याने हात सोडला आणि वर टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी ‘जरा’ गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी बोलणंही गेलं, नुसता हात यायचा. खिडकीशी मी बसायचे, त्यामुळे त्याची घामेजलेली बोटं दरवर्षी माझ्या नाकासमोर. मागच्या बंद भागात गाठोड्यांवर बसलेल्या लोकांना यातलं काही कळायचं नाही. तिथे खिडकीच नाही. वहिनी मूग गिळून बसायची. मी तिला एकदा म्हटलंही, “कशाला ओढतेस या धोंड्याला?” तर म्हणाली, “सोडलं तर घरी कोण ऐकून घेणार?”

पंचविसावी फेरी पुरी केली की दीपगृहापाशी दादाच्या नावाचा दगड बसणार होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे मोठ्या लॉजचे मालक, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दगड त्यांनी आधीच कोरून, वर कापड घालून तयार ठेवला होता. अक्षरं कशी असावीत हे दादा महिनाभर सांगत होता. घरात दुसरा विषय नाही.

त्या वर्षी चढाच्या पायथ्याशी सगळ्यात मागे दोघंच होती. दादा, आणि त्याच्या मागे शर्यतीसाठी बोटीने बेटावर आलेली एक तरुण नर्स. आणि तिची चेन पडली. वहिनीने गाडी थांबवून डोकं बाहेर काढलं. “लाव गं सावकाश. मी आहे इथे.”

चार हात पुढे दादा धापा टाकत होता. तरी त्याने मान वळवली. “थांबलीस काय? उतरलीय ती. घे गाडी पुढे!”

“अहो, चेन पडलीय तिची. मिनिटभराचं काम आहे.”

“चेन पडो नाहीतर आभाळ पडो. नियम म्हणजे नियम!”

वहिनी स्टिअरिंग धरून बसून राहिली. मला वाटलं, आता ही काही ऐकत नाही. पण तिने गाडी पोरीच्या पुढे घेतली, उतरली आणि तिच्या पाठीवरच्या पिना काढल्या.

“बसलीच होती हो काकू चेन,” ती पोर रडवेली होऊन म्हणाली.

“माहितीये मला,” वहिनी म्हणाली.

मागे जागा नव्हती, म्हणून तिला आमच्या दोघींच्या मध्ये बसवलं. तिचे हात काळेकुट्ट झाले होते. वहिनीने मागचं दार उघडून गाठोड्यातून लॉजचा धुतलेला पांढरा अभ्रा ओढला आणि तिच्या मांडीवर टाकला. “पूस.” अभ्र्यावर चहाचा थेंब दिसला तरी माझी हजेरी घेणारी बाई ही.

वळण आलं. दादा कडेला झाला, नेहमीसारखा, मान खाली घालून. आम्ही त्याच्या शेजारी आलो. मध्ये परकी मुलगी बसली आहे हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याचा हात आला.

“वन्सं, काच वर घ्या,” वहिनी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. मी काचेचा दांडा फिरवायला लागले. जुनी गाडी, काच कुरकुरत चढते. दादाची बोटं तिच्यावरून घसरली. आधी तो हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने काचेवर टकटक केली. मग सायकल डुगडुगली आणि त्याचा पाय जमिनीला लागला. भाऊ आहे माझा. पण दांड्यावरचा हात मी काढला नाही. वहिनीने गाडी पुढे घेतली.

वर लोक टाळ्यांच्या तयारीत उभे होते. बऱ्याच वेळाने दादा सायकल ढकलत आला. वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“नंबर द्या.”

“घरी बोलू,” तो दातओठ खात पुटपुटला.

“नंबर इथेच काढतात. तुम्हीच ठरवलंय.”

तिने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि दोरीवरचे कपडे काढावेत तशा पाठीवरच्या पिना एकेक करून काढल्या. माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. वाटलं, आता तरी जगाला कळेल.

कसलं काय! अध्यक्ष घाईघाईने पुढे आले. “अहो वहिनी, दगड कोरून झालाय. आता काय पुसायचा तो? आणि मास्तरांशिवाय ही शर्यत आहे कुणाची?” त्यांनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. दादाने घसा खाकरून भाषण केलं. मागच्या गाडीचा क्लच बिघडल्यामुळे ती चुकून पुढे आली, म्हणाला. लोक वहिनीकडे बघून हसले. गिऱ्हाईक समोर उभं होतं. तिने हातातला नंबर घडी करून पदराच्या आत खोचला आणि सायकली टपावर चढवायला गेली.

धक्क्यावर नर्सने तिला विचारलं, “काकू, तो हात... दरवर्षी?”

“दरवर्षी.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?”

“पळ, बोट सुटेल तुझी,” वहिनी म्हणाली. ती मुलगी परत कधी शर्यतीला आली नाही. आमच्या बेटाबद्दल तिकडे काय सांगत असेल ते सांगो, खरंच सांगत असेल.

दादा आता सायकल चालवत नाही. शर्यतीच्या दिवशी तो गाडीत खिडकीशी, माझ्या जागेवर बसतो आणि मी मागे गाठोड्यांवर, बाद झालेल्यांच्या गर्दीत. तिथून त्याचा आवाज ऐकू येतो. हळू घे, डावीकडे घे, तो बघ उतरला, घे पुढे. दगडापाशी गाडी थांबवायला लावतो आणि मागच्यांना ओरडून सांगतो, “बघा, पंचवीस!” मागे खिडकी नाही, हे त्याला आजवर सुचलेलं नाही.

दगडाच्या आधी ते वळण येतं. तिथे दरवर्षी वहिनीचा आवाज येतो, “अहो, काच वर घ्या.” बाहेर कुणी नसतं. पाऊस नसतो, धूळ नसते. दादा गप्प होतो. मग काच कुरकुरत वर चढल्याचं मला मागे ऐकू येतं.