संगीताची दाढ

त्या दिवशी हॉलमध्ये दातांचे डॉक्टर, त्यांची नर्स, आमच्या मोठ्या बाई, नववीतली संगीता आनि मी, एवढी मानसं होतो. मी शाळेतली शिपाईबाई. डॉक्टरांचा कॅम्प होता, म्हंजे शाळेतच पोरांचे दात तपासायचे. सगळे झाले, संगीता काय तोंड उघडेना.

"मावशी, तुम्ही सांगा हिला," मोठ्या बाई वैतागल्या.

"आ कर गे बाय, जीभ नाय कापनार कोन."

उघडलं. गालात संत्र्याची गोळी.

डॉक्टर हसले. "दुकान घेऊनच फिरतेस?" मग आरशानं आत बघितलं नि हसायचे थांबले. "ही दाढ दुखत नाही?"

"दुखायची. शेजारच्या आजींनी मिसरी दाबायला दिली. मग थांबली."

मिसरी म्हंजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्यात बाया दातांना लावतात.

"थांबली नाही, आतली नस मेली. कीड खाली चाललीय." रूट कनाल केलं तर दाढ वाचेल, बोलले. म्हंजे आतली घान काढून दाढ भरायची. "घरी कोण असतं?"

"कोणी नाही. आईबाबा रोज मुंबईला कामाला जातात, रात्री येतात."

"एवढ्या गोळ्या कशाला खातेस?"

"तोंडात काहीतरी असलं की घरी बरं वाटतं."

माझ्या घरी पन संध्याकाळचा रेडिओच बोलतो.

"मी नेते हिला," मी बोलले.

"तुम्ही घरच्या नाही, मावशी. आईबापांनी हो म्हटलं पाहिजे," मोठ्या बाई बोलल्या.

रविवारी आचोळ्याला तिच्या घरी गेले. आई कनीक मळत होती. डोळ्यांत झोप.

"आता दुखत नाही ना, मावशी? मग कशाला? सुट्टी मागितली की साहेब तोंडाला येईल ते बोलतो."

"तुम्ही हो बोला, मी नेते."

"दुखलं तर बघू."

मी चहा पिऊन निघाले.

दिवाळीनंतर गाल सुजला. डोळा मिटला एवढा. तेव्हा आईनं खाडा केला. तुळींजच्या दवाखान्यात दाढ काढली. मी बाहेर दप्तर धरून बसलेले. संगीता कापूस चावत आली, खिशातल्या संत्र्याच्या गोळ्या माझ्या हातात ठेवल्या नि आईमागून जिना उतरली.

त्यानंतर मधल्या सुट्टीत ती माझ्या बाकड्यावर येऊन बसायची. दहावी झाली, गेली.

वाचनाऱ्यांना एवढंच सांगनं. पोराचं दुखायचं थांबलं म्हंजे बरं झालं, असं धरू नका. त्याला उजेडात बसवा, आ करायला सांगा, नि स्वतः बघा.